डी कमी, पण कुणाच्या हिशेबानं?

२२ डिसेंबर म्हणजे वर्षातला जवळजवळ सर्वांत लहान दिवस. त्या दिवशीही पिंपरी-चिंचवडमधल्या कासारवाडीत भर दुपारी साडेपाच फुटी माणसाची सावली पाच फुटांच्या आतच पडते. मे महिन्याच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीला तर सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली गडप होते. त्वचेत ड जीवनसत्त्व घडवणारे यूव्हीबी किरण पुरेसे उतरताहेत की नाही, हे ओळखायची एक ढोबळ खूण आहे: सावली उंचीपेक्षा आखूड हवी. या खुणेनं पाहिलं तर साडेअठरा अंश अक्षांशाच्या आसपासच्या या गावाला बाराही महिने दुपारचं ऊन पुरेसं आहे. पावसाळ्यातले ढगाळ आठवडे वगळायचे एवढंच. तरीही पिंपरी-चिंचवडमधल्या एखाद्या लॅबचा 'फुल बॉडी' पॅकेजचा रिपोर्ट उघडा. साखर आणि कोलेस्टेरॉलचं काहीही असो, व्हिटॅमिन डीच्या आकड्यापुढे बहुधा 'लो' लिहिलेलं असतं.

इथे दोन प्रश्न एकात एक अडकले आहेत. इतक्या उन्हात डी कमी का, हा पहिला. आणि तो कमी आहे हे ठरवणारी रेघ कुणी, कुणाकडे पाहून आखली, हा दुसरा. पहिल्यावर आपण बरंच बोलतो. दुसरा लॅबवाल्याच्या छापील रकान्यात दडून राहतो.

पहिल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर शंभर वर्षांपूर्वीच मिळालं होतं, आणि तेही कासारवाडीहून जो रस्ता फुटतो त्याच्या दुसऱ्या टोकाला. नाशिक फाट्यावरून निघणारा रस्ता भोसरी, मोशी, चाकण, मंचर करत नाशिकला जातो. हचिसन आणि शहा या दोघांनी मुंबई इलाख्यातल्या नाशिक भागात मुडदुसाची, म्हणजे डीअभावी मुलांची हाडं मऊ पडण्याच्या आजाराची, पाहणी केली आणि १९२२ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्या काळी मुडदूस हा युरोपातल्या धुरकट शहरांचा आणि गरिबीचा आजार मानला जाई. १९१९ मध्ये इंग्लंडमध्ये एडवर्ड मेलनबी कुत्र्यांच्या पिल्लांवर प्रयोग करून तो आहाराच्या उणिवेतून होतो असं दाखवत होते, तर त्याच वर्षी बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की मुडदुसाच्या मुलांना पाऱ्याच्या दिव्यासमोर बसवून बरं करत होते. आहार की उजेड, असा वाद पेटलेला होता. नाशिकचं चित्र या वादात अगदी उलटं निघालं. दिवसभर शेतात राबणाऱ्या, निकस खाणाऱ्या गरिबांच्या घरी मुडदूस क्वचित. आणि दूधतूप खाणाऱ्या, पडदा पाळणाऱ्या सधन मुसलमान व वरच्या जातींच्या हिंदू घरांत तो जागोजाग. बायका आणि तान्ही मुलं उंबऱ्याआड राहत होती, एवढाच काय तो फरक. गंमत अशी, की अमेरिकेत मॅकॉलम यांनी मुडदूस टाळणाऱ्या द्रव्याला 'डी' हे अक्षर दिलं तेही १९२२ सालीच.

म्हणजे नाशिकच्या निष्कर्षात वंश नव्हता, धर्म नव्हता आणि गरिबीही नव्हती. होतं ते छप्पर. आज त्याच रस्त्याच्या अलीकडच्या टोकाला छप्पर पडद्याचं राहिलेलं नाही, शेडचं झालं आहे.

१९६०च्या दशकात भोसरी-पिंपरीला एमआयडीसी आली, पुढे चाकण उभं राहिलं. कासारवाडी, दापोडी, फुगेवाडी, भोसरी इथं मराठवाडा, खानदेश, सोलापूर, विदर्भ, कोकण आणि नंतर उत्तर प्रदेश-बिहारातून आलेली माणसं राहू लागली. यांतल्या पुष्कळांचे वडील आयुष्यभर उघड्या रानात होते. रक्त तेच, भाकरी बरीचशी तीच; बदललं ते दिवसाचं वेळापत्रक. फर्स्ट शिफ्टचा माणूस अंधारात कंपनीची बस पकडतो, पत्र्याखाली किंवा एसी शॉप फ्लोअरवर आठ तास काढतो, आणि सुटतो तेव्हा ऊन कलायला लागलेलं असतं. नाइटवाला सकाळी येऊन पडदे ओढून झोपतो. उन्हाची खरी वेळ सापडते ती जेवणाच्या सुट्टीत, आणि ती जाते कँटीनच्या रांगेत. मुलाबाळांची गत निराळी नाही. दोन इमारतींच्या मधल्या बोळात, मेट्रोच्या खांबांच्या आणि उड्डाणपुलाच्या सावलीत किती ऊन उतरतं, हे जाऊन पाहण्यासारखं आहे. दुचाकीवरची मुलगी तर डोळ्यांपुरती फट ठेवून स्कार्फ, सनकोट आणि हातमोज्यांत गुंडाळलेली असते. तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. धूर, धूळ आणि 'काळी पडशील'चा धाक या तिन्हींतून तो पोशाख आला आहे, आणि तिसऱ्या कारणाला ती जबाबदार नाही.

धुराचाही स्वतंत्र हिशेब आहे. दिल्लीत मोरी गेटच्या प्रदूषित वस्तीतल्या तान्ह्या मुलांची तेव्हाच्या मोकळ्या गुडगावातल्या मुलांशी तुलना झाली; ती २००२ मध्ये छापून आली. दोन्हीकडचं ऊन एकाच अक्षांशाचं, पण धुरकट हवेतल्या मुलांच्या रक्तात डी बराच कमी होता. हवेतले कण आणि वायू यूव्हीबी वरच्या वर गिळून टाकतात. काच तर तो आत येऊच देत नाही, म्हणून गॅलरीची सरकती काच लावून घेतलेलं ऊन उबेपुरतंच.

आता कोवळ्या उन्हाबद्दल. बाळाला तेल लावून सकाळी आठला ओसरीवर घ्यायचं, आजोबांनी मॉर्निंग वॉकला जाऊन 'डी घेऊन' यायचं, हे आपल्याकडे इतकं पक्कं बसलं आहे की डॉक्टरही तेच सांगून मोकळे होतात. हिशेब करून पाहू. डिसेंबरात सकाळी आठला कासारवाडीचा सूर्य क्षितिजाच्या जेमतेम अकरा अंश वर असतो. ग्लासगोत त्याच दिवसांत भर दुपारी सूर्य जितका वर चढतो, जवळपास तितकाच. आणि ग्लासगोच्या हिवाळी उन्हात त्वचा डी घडवत नाही, हे तिथल्या मुडदुसाच्या इतिहासाने पुरतं शिकवलं आहे. सूर्य खाली असला की किरणांना ओझोनच्या थरातून तिरपा, लांबचा प्रवास करावा लागतो आणि यूव्हीबी वाटेतच संपतो. कोवळं ऊन सुखद लागतं तेही सूर्य खाली असतो म्हणूनच. थंडीत सावली उंचीपेक्षा आखूड होते ती इथे साधारण साडेअकरापासून दीड-पावणेदोनपर्यंत. उन्हाळ्यात ही खिडकी दोन्हीकडे रुंदावते, पण तेव्हा उन्हात उभं राहायची कुणाची छाती नसते.

किती वेळ उभं राहायचं, याचं उत्तर पुण्यातच शोधलं गेलं आहे. जहांगीर रुग्णालयातल्या हिराबाई कावसजी जहांगीर वैद्यकीय संशोधन संस्थेत अनुराधा खाडिलकर आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं या विषयावर काम करत आहेत. मध्यमवयीन पुणेकर पुरुषांच्या त्यांच्या अभ्यासात असं दिसलं, की नेहमीच्या कपड्यांत, कामाच्या ओघात, रोज किमान तासभर दुपारचं ऊन अंगावर पडलं तर रक्तातला डी मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅमच्या वर टिकतो. पाश्चात्त्य पुस्तकांत 'हातपाय उघडे ठेवून दहा-पंधरा मिनिटं' असं वाचायला मिळतं, ते गोऱ्या कातडीचं माप आहे. लहान मुलांवरच्या त्यांच्या कामात उन्हात खेळणारी आणि वस्तीतल्या घरातच राहणारी अशी दोन प्रकारची मुलं होती. मुडदुसाची लक्षणं घरात राहणाऱ्यांकडे सापडली. नाशिकचा निष्कर्ष ऐंशी-नव्वद वर्षांनी पुण्यात पुन्हा लिहिला गेला, एवढंच.

कातडीच्या रंगाबद्दल मात्र एक गैरसमज खोडायला हवा. सावळी त्वचा डी बनवू शकत नाही असं नाही. तिला वेळ जास्त लागतो. बॉस्टनमध्ये मायकेल होलिक यांच्या गटानं १९८६ मध्ये भारतीय-पाकिस्तानी स्थलांतरितांवर हे तपासलं: पुरेसा यूव्हीबी मिळाला की त्यांची त्वचा गोऱ्यांइतकाच डी तयार करते. मेलॅनिन किरणं अडवतं, कारखाना बंद करत नाही. अतिनील किरणांचा मारा जिथे मोठा तिथे गडद त्वचा टिकली, आणि माणूस उत्तरेकडे सरकला तसा रंग उजळत गेला, ही जॅबलॉन्स्की आणि चॅप्लिन यांची मांडणी आता बरीच मान्य आहे. टांझानियात आजही पारंपरिक जीवन जगणाऱ्या मसाई आणि हाडझा लोकांच्या रक्तात सरासरी ४६ नॅनोग्रॅम डी सापडला. कातडी आपल्याहून काळी, पण दिवस उघड्यावर. उलट सूर्यच नसलेल्या आर्क्टिकमध्ये इनुइटांनी ही गरज मासे आणि सीलच्या चरबीतून भागवली. आपल्या कोकणपट्टीला बांगडा-तारलीसारख्या तेलकट माशांचा थोडा आधार आहे. घाटावरच्या शाकाहारी ताटात डी जवळजवळ शून्य. अळंबी उन्हात वाळवली तर तिच्यात तयार होतो, पण रोज अळंबी कोण खातो?

वयाचा मुद्दा छोटा आहे, तरी कडक. सत्तरीतली त्वचा तरुण त्वचेच्या निम्म्याहूनही कमी डी बनवते. चरबीचा मुद्दा इथे जास्त लागू पडतो. डी चरबीत विरघळतो आणि तिथेच अडकून राहतो, म्हणून अंगात मेद जास्त तर रक्तात डी कमी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवलेला 'बारीक दिसणारा पण आतून चरबीचा' भारतीय देह लक्षात घेतला, तर वजनकाट्यावर सडपातळ ठरणाऱ्या इथल्या तरुणाचा डी त्याच वजनाच्या युरोपियनापेक्षा कमी निघण्याचं तेही एक कारण असू शकेल. हा माझा अंदाज आहे, सिद्धांत नव्हे.

सगळ्या प्रकरणातला सर्वांत दुर्लक्षित धागा माझ्या मते कॅल्शियमचा आहे. ग्लासगोत १९६२ मध्ये डनिगन आणि सहकाऱ्यांनी तिथल्या पाकिस्तानी कुटुंबांत मुडदूस आणि ऑस्टिओमलेशिया, म्हणजे मोठ्या माणसांच्या हाडांचा मऊपणा, नोंदवला. पुढे ब्रिटनभरच्या भारतीय वंशाच्या घरांत तेच दिसू लागलं. आधी सूर्याला दोष दिला गेला, मग चपातीला. कोंड्यासकट कणकेतलं फायटेट कॅल्शियम धरून ठेवतं आणि ते आतड्यातून तसंच बाहेर जातं. नंतरच्या वर्षांत डनिगन यांना असंही दिसलं, की मांस खाणाऱ्यांत हा आजार कमी आणि दूध-धान्यावर असणाऱ्यांत जास्त. १९८७ मध्ये 'नेचर'मध्ये क्लेमेंट्स, जॉन्सन आणि फ्रेझर यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांतून त्याचा दुवा जुळवला. खाण्यात कॅल्शियम कमी पडलं की पॅराथायरॉइड ग्रंथी जोर करते, डीचं कार्यकारी रूप वाढतं, आणि त्यापायी यकृतात साठ्यातला डी झपाट्याने मोडीत निघतो. म्हणजे गळकी बादली: वरून कितीही ओता, खालून जातंच. अमेरिकेतल्या भारतीयांच्या त्वचापेशींमध्ये डी मोडणाऱ्या विकराचा जोर जास्त असल्याची नोंदही १९९८ मध्ये झाली. तेव्हा बादलीचं छिद्र थोडंफार वंशातही असेल. पण ताटातलं छिद्र आपल्याला बुजवता येतं. नायजेरियात ऊन भरपूर असूनही मुलांना मुडदूस होत होता. थॅचर आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवलं, की तिथे नुसत्या डीपेक्षा कॅल्शियम दिल्याने मुलं जास्त बरी झाली.

आपल्याकडे आयसीएमआरने २०२०च्या शिफारशींत प्रौढाची कॅल्शियमची गरज ६०० वरून १००० मिलिग्रॅमवर नेली. कंत्राटी कामगाराच्या डब्याकडे पाहा: पोळ्या, बटाट्याची भाजी, कधी डाळ, दिवसाचं दूध म्हणजे टपरीवरच्या दोन कटिंगमधलं. तिथे हजार मिलिग्रॅम कुठून येणार? शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. नाचणीतही फायटेट आहे, पण आंबवली किंवा मोड आणले की ते उतरतं. आंबील पिणाऱ्या पिढीला यातलं काही ठाऊक नव्हतं, तरी ती प्यायली.

आता दुसरा प्रश्न, रेघेचा. लॅबच्या रिपोर्टवर बहुतेकदा ३० च्या खाली 'अपुरा' आणि २० च्या खाली 'कमतरता' असं छापलेलं असतं. तीसचा आकडा लोकप्रिय केला तो अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीच्या २०११ च्या मार्गदर्शिकेनं. त्याच सोसायटीनं २०२४ मध्ये नवी मार्गदर्शिका काढून तीसच्या लक्ष्यामागचा पाठिंबा काढून घेतला आणि निरोगी माणसांची सरसकट तपासणी करू नका असं सांगितलं. अमेरिकेच्याच इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं २०१० च्या अखेरीस वेगळा हिशेब मांडला होता: १६ नॅनोग्रॅमवर निम्म्या लोकांच्या हाडांची गरज भागते आणि २० वर जवळजवळ सगळ्यांची. वीस म्हणजे सर्वांत जास्त गरजवंतालाही पुरेल असं माप. तेच माप सगळ्यांना लावून 'विसाच्या खाली तो आजारी' म्हणायचं, हा हिशेबातला घोळ. ब्रिटनची रेघ आणखी खाली, दहावर आहे. परळच्या केईएम रुग्णालयातल्या अभ्यासात पंचवीस ते पस्तीस वयाच्या निरोगी तरुणांपैकी सुमारे ७० टक्के विसाखाली निघाले, हे २०११ मध्ये गाजलं. केंद्र सरकारच्या २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात मात्र रेघ १२ वर धरली होती. तिथे कमतरता एक ते चार वर्षांच्या मुलांत १४ टक्के, पाच ते नऊच्या मुलांत १८ आणि किशोरवयीनांत २४ टक्के आली. हेही आकडे चांगले नाहीत. पण सत्तर आणि चोवीस यांमधलं अंतर काही अंशी रोगाचं आहे, तर काही अंशी फूटपट्टीचं.

फूटपट्टी सगळ्या लोकांना सारखी लागू पडते का, ही शंका अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांमुळे सर्वांत ठळक झाली. त्यांच्या रक्तात डी गोऱ्यांपेक्षा बराच कमी, तरी त्यांच्या हाडांची घनता जास्त आणि हाडं मोडण्याचं प्रमाण कमी. २०१३ मध्ये पोव आणि सहकाऱ्यांनी याचं उत्तर डी वाहून नेणाऱ्या प्रथिनात शोधलं: प्रथिन कमी, म्हणून मोकळा डी पुरेसा. नंतर त्या चाचणीतच दोष निघाला आणि उत्तर डळमळलं. कोडं मात्र जागच्या जागी आहे. होनोलुलूत बराच वेळ उन्हात घालवणाऱ्या तरुणांतही निम्मे ३० च्या खाली निघाले होते. उन्हात भाजून निघणारा निरोगी तरुणही नापास होत असेल, तर दोष परीक्षेचाही असणार.

आणि नापास झाल्याने बिघडतं काय? हाडांपुरतं उत्तर स्पष्ट आहे. खूप खाली, दहा-बाराच्या आत गेलं आणि कॅल्शियमही नसलं, की मुलांचे पाय वाकतात, बाईच्या कमरेत-मांडीत दुखत राहतं आणि जिना चढताना हात टेकावे लागतात. वारंवार बाळंतपणं आणि अंगावर पाजणं यांत शरीरातलं कॅल्शियम खर्च होतं, म्हणून ऑस्टिओमलेशिया बायकांत जास्त. तिला 'वात आहे' म्हणून वर्षानुवर्षं वेदनाशामक गोळ्या दिल्या जातात, हे या पट्ट्यातल्या दवाखान्यांत आजही घडतं. हाडांपलीकडचे दावे, म्हणजे हृदयविकार, कॅन्सर, मधुमेह, क्षय, बहुतेक चाचण्यांत टिकले नाहीत. अमेरिकेतल्या 'व्हायटल' चाचणीत २५,८७१ लोक होते, त्यांत पाच हजारांहून अधिक कृष्णवर्णीय. रोज २००० युनिट घेऊन कॅन्सर किंवा हृदयविकार होण्याचं प्रमाण घटलं नाही, असं २०१८ मध्ये दिसलं. हाडं मोडणंही कमी झालं नाही, असं २०२२ मध्ये. मंगोलियातल्या शाळकरी मुलांत डीची पातळी फारच कमी होती, तिथेही डी देऊन क्षयाची लागण थांबली नाही. एक पुस्ती जोडायला हवी. व्हायटलमधल्या लोकांची सुरुवातच तीसच्या आसपासची होती. आधीच पोट भरलेल्याला वाढून फरक पडला नाही, यावरून बारावर असलेल्या भोसरीच्या कामगार बाईला काही उपयोग नाही, असं म्हणता येत नाही. मेदांता-अपोलोच्या छापाची पॅकेजं विकणाऱ्यांना ही पुस्ती फार आवडते, म्हणून तिचा दुसरा भागही सांगतो: तिला उपयोग होईल तो हाडांना आणि स्नायूंना, सगळ्या रोगांना नव्हे.

मेडिकलमध्ये मिळणारी साठ हजार युनिटांची पुडी याच गोंधळावर चालते. आठवड्याला एक, आठ आठवडे, दुधातून. डॉक्टरांनी कमतरता पाहून दिली तर उपचार म्हणून ती रास्त. पण आठवडे संपल्यावरही ती कुणी बंद करत नाही, शेजारीण शेजारणीला सुचवते, आणि कुणी रोजच घेऊ लागतं. मग रक्तात कॅल्शियम चढतं, उलट्या, बद्धकोष्ठ, मूत्रपिंडाला धक्का. ऑस्ट्रेलियात वृद्ध स्त्रियांना वर्षातून एकदाच पाच लाख युनिट देऊन पाहिले, तर त्या जास्त पडल्या आणि त्यांची हाडंही जास्त मोडली. हा निकाल २०१० चा. आयसीएमआरची रोजची शिफारस ६०० युनिटांची आहे. तिच्याशी साठ हजारांचा ताळा करून पाहिला तर पुडी म्हणजे शंभर दिवसांचं रेशन.

सरकारी मार्ग दुधातेलात डी घालण्याचा आहे. निळं '+एफ' चिन्ह असलेल्या दुधात लिटरमागे दोनशे ते तीनशे युनिट असतात, म्हणजे एका ग्लासात पन्नासएक. ज्या घरात रोज अर्धा लिटर दूध चहातच संपतं तिथे त्याचा हिशेब फार लांब जात नाही. एफएसएसएआयनं २०१८ मध्ये 'प्रोजेक्ट धूप' काढून शाळांची प्रार्थना दुपारच्या सुमारास घ्या असं सुचवलं, ती कल्पना या पट्ट्यासाठी जास्त बरोबर होती. फक्त ती शाळेच्या फाटकाशी थांबली. कंपनीच्या गेटच्या आत कँटीनबाहेर उघड्यावर चार बाकं टाकायला आणि जेवणाची सुट्टी अर्ध्याची पाऊण तास करायला कुठल्याही लॅबची चाचणी लागत नाही. ती पाऊण तासाची मागणी युनियनच्या पगारवाढीच्या यादीत अजून कुणी लिहिलेली माझ्या पाहण्यात नाही.